पाय धुणाऱ्याची नम्रता

गेल्या चातुर्मासात एका सप्ताहात कीर्तन आटोपून आम्ही पाणी पीत बसलो असता कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, "महाराज, ख्रिस्ती लोकांचे पोप फ्रान्सिस कैद्यांचे पाय धूत आणि त्याची छायाचित्रे जगभर छापून येत. ही नम्रता म्हणावी की देखावा?" आम्ही वरवरचे काही बोलून सुटका करून घेतली. पण प्रश्न मनातून गेला नाही. परधर्माची चर्चा या मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. तर सज्जनहो, पाय हा विषय वारकऱ्याला परका नाही.

मूळ कथा योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात आहे. त्या देशी धुळीच्या वाटा, पायी वहाणा. घरी आलेल्याचे पाय धुणे हे चाकराचे काम. शेवटच्या रात्री भोजनाच्या वेळी येशू ख्रिस्त उठले, अंगावरची वस्त्रे उतरवली, कमरेला रुमाल गुंडाळला आणि घंगाळात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुऊ लागले. पेत्र नावाचा शिष्य पाय पुढे करीना. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसेना. धुतले नाहीत तर तुझा माझा संबंध नाही, असे ऐकल्यावर तो म्हणाला, मग हात आणि डोकेही धुवा! भाबडा खरा. पुढे गुरूंनी सांगितले की, मी हा कित्ता घालून दिला आहे, तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा.

आमचे लक्ष मात्र निराळ्याच ठिकाणी अडते. धरून देणारा यहूदा त्या पंगतीतच होता. तो काय करणार हे गुरूंना ठाऊक होते. तरी त्याचे पाय वगळले नाहीत.

आता मुलाचा प्रश्न. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी लोकसंग्रह सांगितला: श्रेष्ठ जसे वागतो तसे इतर वागतात. म्हणजे श्रेष्ठाचे वागणे लोकांना दिसले पाहिजे. आणि तेराव्यात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्व आणि अदंभित्व आरंभीच घातले; माउलींनी त्यांचा केवढा विस्तार केला आहे! मान नको, आपला धर्म मिरवणे नको. मग दाखवावे की लपवावे? लपविले तर कित्ता कसा व्हावा, आणि दाखविले तर दंभ शिरतो.

सभापर्वात याचे उदाहरण आहे. धर्मराजाच्या राजसूयात श्रीकृष्णांनी ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम आपल्याकडे घेतले, आणि त्याच यज्ञात अग्रपूजाही त्यांचीच झाली. शिशुपालाला पूजा खुपली. पाय धुणे त्याच्या हिशेबातच नव्हते.

आम्हांस वाटते, देखाव्याने पाहणाऱ्याचे नुकसान होत नाही. वाढपी उपाशी असला तरी पंगत जेवतेच. दांभिकाच्या कीर्तनानेही एखादा श्रोता तरून जातो; बुडतो तो उभा राहून सांगणारा. (हे आम्ही आमच्याच धंद्याबद्दल लिहितो आहोत, दुसऱ्या कोणाबद्दल नव्हे.) मग खरे-खोटे ओळखावे कशावरून? ज्याच्याकडून परत काही मिळायचे नाही, त्याच्या पायाशी कोण वाकतो, ते पाहावे.

पोप फ्रान्सिस १३ मार्च २०१३ रोजी निवडले गेले आणि पंधरा दिवसांनी, २८ मार्चच्या पवित्र गुरुवारी, रोमच्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले. बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. पूर्वीच्या वहिवाटीत हे बसणारे नव्हते, म्हणून स्वधर्मीयांतले कित्येक नाराज झाले. नुसत्या मानासाठी करणारा माणूस आपल्याच लोकांची नाराजी कशाला ओढवून घेईल? १७ एप्रिल २०२५ रोजी ते असेच रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. शरीर थकलेले, चाकांच्या खुर्चीत बसलेले, वाकणे होईना. यंदा पाय धुता येत नाहीत, पण तुमच्याजवळ यायचे होते, अशा अर्थाचे ते बोलले. चार दिवसांनी देह ठेवला.

आमची एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. वारकऱ्याची रीत आपण जाणताच: एक वाकला की दुसऱ्यानेही वाकायचे, वय, जात, विद्वत्ता काही पाहायचे नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी वाखरीच्या मुक्कामी आम्ही एका बड्या गृहस्थाशी बोलत उभे होतो. गळ्यात नुकताच पडलेला हार होता. एक म्हातारा वारकरी आला, आमच्या पायांवर डोके ठेवले आणि उठून उभा राहिला. आम्ही हात वर करून आशीर्वाद दिला आणि बोलणे पुढे चालवले. म्हातारा थोडा वेळ तसाच थांबला. मग हसून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या माउली, गुडघं दुखत असतील."

आमचे गुडघे तेव्हा मुळीच दुखत नव्हते.