ठेव कोणाची?

शास्त्रपाठ : यिर्मया 32:6-15



यरुशलेमास बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याने चुलतभाऊ हनामेल याचे अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतले. खत झाले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही बारूखाच्या हाती देऊन त्याने मातीच्या मडक्यात ठेवावयास लावल्या. शेताचा भरवसा नाही, पण ते कोणाचे याविषयी पुढे संशय राहू नये!

आमच्या आदिलाबादेत मंडळीतील एक वृद्ध मावशी वारल्या. पूर्वी त्या रविवारशाळा घेत. दफनविधीनंतर पंचांनी त्यांची लोखंडी पेटी उघडली. लुगड्यांच्या तळाशी एक किसान विकास पत्र व एक इंदिरा विकास पत्र निघाले.

लगेच हिशेब सुरू झाला. इतकी वर्षे झाली, म्हणजे दुपटीची दुप्पट, तिचीही दुप्पट! एकाने लाखाचा आकडा काढला. तसे नसते. 1986 साली इंदिरा विकास पत्र निघाले तेव्हा निम्मी रक्कम भरायची आणि पाच वर्षांनी कागदावरची पुरी रक्कम घ्यायची, असा नियम होता. अडीच हजारांचे पाच हजार झाले की दुपटीचा वायदा संपला. मग कागद पेटीत वीस वर्षे निजला तरी पुन्हा दुप्पट नाही.

किसान विकास पत्रावर मावशींचे नाव होते, वारस म्हणून किनवटच्या भाच्याचे होते. तो प्रश्न मिटला. इंदिरा विकास पत्रावर मात्र कोणाचेच नाव नसे. ते नोटेसारखे, ज्याच्या हाती त्याचे. हरवले तर गेले. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात तसाच निकाल दिला.

खजिनदार म्हणाले, "मंदिराचे छप्पर गळते आहे. मावशींना आनंदच होईल." आम्ही सर्वांनी माना हलविल्या. मीही हलविली, खोटे कशाला सांगू?

तेवढ्यात कागद गुंडाळलेल्या फडक्यातून एक चिठ्ठी पडली. मावशींच्या अक्षरात एवढेच : शेजारच्या परटिणीची ठेव.

"चिठ्ठी म्हणजे काही खत नव्हे," कोणीतरी हळूच बोलले. कायद्याने ते खरेही असेल. पण मला ते मडके आठवले. मोहरबंद प्रत पेटीत होती, आणि उघडी प्रत आता आमच्यासमोर जमिनीवर पडली होती. ती वाचता येत नाही असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

परटीण कधीच वारली होती. तिची मुलगी पांढरकवड्यास दिली आहे असे कळले, तेव्हा आम्ही दोघे बसने जाऊन तिला घेऊन आलो. पोस्टातील बाबूंनी शिक्का, क्रमांक, तारीख पाहून अर्ज लिहून घेतला. जुन्या नोंदी तपासाव्या लागतील म्हणाले. (वाचकांपैकी कोणाकडे असे जुने कागद असतील तर तेही पोस्टातच दाखवावेत. 2015 च्या कायद्याप्रमाणे बेवारस राहिलेल्या अल्पबचतीच्या रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, तरी खऱ्या हक्कदारास तेथून पुढे पंचवीस वर्षे मागता येतात.)

मुलीने रक्कम किती हे विचारलेच नाही. "आईने कोणाजवळ ठेवले होते, एवढेच आम्हाला ठाऊक नव्हते," ती म्हणाली. अर्ज वर गेला आहे. छप्पर अद्याप गळते. गेल्या रविवारी उपासनेत आम्ही दोन बाक सरकवून बसलो.