सही कुठे अडते

मोठ्या कंपन्यांच्या प्रवेशदालनात मूल्यांची पाटी लावलेली असते. सचोटी, पारदर्शकता, निष्ठा, ग्राहकहित. पाटीवरचे सगळेच शब्द आपल्याला मान्य असतात, कारण त्यांचे एकमेकांशी भांडण अजून झालेले नसते. ते भांडण लावून देतो वाईट साहेब. 'मागची तारीख टाका', 'वरून तोंडी सांगितलंय', 'एवढं सांभाळून घ्या' असे तो म्हणतो आणि सचोटी, साहेबाशी निष्ठा, घराचा हप्ता, मुलीची फी, बाजारातले नाव यांत वर कोण आणि खाली कोण हे त्याच दुपारी ठरवावे लागते. आपली मूल्ये खऱ्या अर्थाने तेव्हा कळतात, कारण त्यांचा उतरता क्रम तेव्हा उघडा पडतो.

रॅनबॅक्सी या औषध कंपनीचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. २००४ मध्ये लंडनहून ग्लॅक्सोस्मिथक्लाइन सोडून आलेले डॉ. राजिंदर कुमार या कंपनीचे संशोधनप्रमुख झाले. हैदराबादच्या एका बाहेरच्या प्रयोगशाळेने रॅनबॅक्सीसाठी केलेल्या एड्सच्या औषधांच्या चाचण्यांत जागतिक आरोग्य संघटनेला गडबड आढळली होती. कुमार यांनी दिनेश ठाकूर या अभियंत्याला सांगितले, कंपनीच्या सगळ्या औषधांची कागदपत्रे तपासा. ठाकूर अमेरिकेतली नोकरी सोडून २००३ मध्ये गुडगावला आले होते. त्यांचे खाते माहितीचे व्यवस्थापन, थोडक्यात आकडे जागच्या जागी आहेत की नाहीत हे पाहण्याचे.

आकडे जागच्या जागी होते, फक्त खोटे होते. औषध किती महिने टिकते हे ठरवताना गोळ्या ठरलेल्या तापमानात ठेवून तीन, सहा, नऊ महिन्यांनी तपासायच्या असतात. रॅनबॅक्सीत अशा चाचण्या एकाच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत उरकल्या गेल्या होत्या, नमुने फ्रिजमध्ये पडून होते, आणि कागदावर मात्र तारखा महिन्यांच्या अंतराने शिस्तीत मांडलेल्या होत्या. हे एकट्या बदमाशाचे काम नव्हे. कोणी नमुना ठेवला, कोणी नोंद केली, कोणी तारीख घातली, कोणी तपासल्याची सही केली. वाईट नेतृत्वाचे खरे कसब इथे दिसते: खोट्याचे इतके लहान तुकडे करायचे की कोणाच्याही हातात अख्खे खोटे येऊ नये. मग घरी जाताना प्रत्येकाला वाटते, मी तर फक्त तारीख घातली.

कुमार यांनी हे सगळे संचालकांपुढे मांडले आणि काही दिवसांतच राजीनामा दिला. ठाकूर राहिले. मग त्यांच्या विभागाचीच चौकशी सुरू झाली, कार्यालयीन संगणकावर अश्लील संकेतस्थळे पाहिल्याचा आरोप आला. तो त्यांनी नाकारला. एप्रिल २००५ मध्ये त्यांनीही नोकरी सोडली. दोघेही प्रामाणिकच, पण 'मी यात नसेन' आणि 'हे मी चालू देणार नाही' ही दोन वेगळी मूल्ये आहेत, आणि दुसरे आपल्यात आहे की नाही हे बहुधा राजीनाम्यानंतरच कळते.

ऑगस्ट २००५ मध्ये ठाकूर यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाला लिहिले, ते टोपणनावाने. आणि त्यासाठी वापरले मालक घराण्यातल्या मलविंदर सिंग यांचे नाव! सत्य सांगणाऱ्याचे पहिले पत्रच खोट्या नावाचे. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. नावाचे खोटे त्यांना चालले, औषधाच्या आकड्यांचे चालले नाही. सचोटी ही एकसंध वस्तू आहे असे आपण उगाच मानतो. प्रवासखर्चाच्या बिलात हात सैल असलेला माणूस ताळेबंदावर सही करायला नकार देतो, आणि एका पैशाला न शिवणारा साहेबाच्या सांगण्यावरून तारीख बदलतो. दोघेही आपण पाहिलेले असतात.

मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी उपकंपनीने गुन्हे कबूल केले आणि ५० कोटी डॉलर भरले. तिथल्या कायद्याप्रमाणे ठाकूर यांना सुमारे ४.८६ कोटी डॉलर मिळाले. 'मग पैशासाठीच केले की' असे म्हणणारे भेटतात. त्यांना तारखाच सांगाव्यात: पहिले पत्र २००५ चे, बक्षिसाची वाट उघडणारा दावा २००७ चा.

साहेब लोक मूल्ये नाकारत नाहीत, ती उसनी घेतात. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एका बांधकाम समूहाची कर्जे लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचा आरोप आहे. माहिती दडवण्याचे कारण व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला २०१९ मध्ये लिहिलेल्या पत्रात दिले: बँकेच्या प्रतिष्ठेला धक्का बसण्याची भीती. संस्थेची अब्रू! शब्द किती घरंदाज. ती राखता राखता निवृत्त खातेदारांवर सहा महिन्यांत एक हजार रुपयेच काढता येतील असे ऐकायची वेळ आली. पुढे ही मर्यादा वाढली, पण त्या आठवड्यात शाखांपुढे उभ्या राहिलेल्यांना ते कुठे ठाऊक होते? म्हणून 'टीम', 'कुटुंब', 'अब्रू' हे शब्द साहेबाच्या तोंडी वारंवार येऊ लागले की समोरचा कागद दुसऱ्यांदा वाचावा.

पण क्रम कळला म्हणून तो पाळणे स्वस्त होत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता, नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून. ते राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची गोळी घालून हत्या झाली. त्या संतापातून रेटलेला जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर होऊन राष्ट्रपतींची सही व्हायला मे २०१४ उजाडला. तो मुख्यतः सरकारी कारभारापुरता आहे. खासगी कंपनीतल्या ठाकुरांना त्याचा उपयोग नाही. आणि दुबेंच्या वारसांनाही अजून नाही, कारण तो अमलात आणण्याची अधिसूचना आजवर निघालेली नाही.