पूर्णाला खेळावंसं का वाटावं?

तेरा-चौदा महिन्यांचं मूल जेवायला उंच खुर्चीत बसवलं आणि हातात स्टीलची वाटी दिली, की पुढचा प्रकार घरोघरी ठरलेला असतो. वाटी खाली जाते, ठण्ण आवाज होतो. मूल वाकून फरशीकडे बघतं, मग मान वर करून आजीकडे. आजी ‘अगंबाई, पडली होय वाटी?’ म्हणत ती उचलून देते. वाटी पुन्हा खाली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आजीचा सूर बदलतो, आणि ओट्याशी उभी असलेली सून म्हणते, ‘आई, तुम्ही उचलून देता म्हणूनच टाकतोय तो.’ मुलाचा उत्साह तसूभरही कमी होत नाही. पोट भरलेलं आहे, वाटी नकोशी झालेली नाही, मुद्दाम छळायचं म्हणावं तर तेवढी अक्कल अजून यायची आहे. मग या उद्योगातून त्याला मिळतं तरी काय?

भारतीय दर्शनांनी हाच प्रश्न शतकानुशतकं ईश्वराबद्दल विचारला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या पादात पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं, मोठा बिनतोड आहे. शहाणा माणूस प्रयोजनाशिवाय काही करत नाही. ईश्वराने जग निर्माण केलं ते काहीतरी हवं होतं म्हणून, असं म्हटलं तर तो अपूर्ण ठरतो. काहीच नको होतं असं म्हटलं, तर एवढा खटाटोप कशाला? यावर सूत्रकारांचं उत्तर आटोपशीर आहे: जगात दिसते तशीच ही नुसती लीला.

शंकराचार्य भाष्यात या लीलेला दोन दाखले देतात. पहिला राजाचा किंवा त्याच्या अमात्याचा. सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला असा माणूस उपवनात क्रीडा करतो, त्यामागे काही मिळवायचं नसतं. दुसरा श्वासोच्छ्वासाचा, तो कुठल्याही बाह्य हेतूशिवाय स्वभावतःच चालू असतो. गौडपादांनी त्यांच्याआधी मांडूक्यकारिकेत असंच सांगितलं होतं, की हा त्या देवाचा स्वभाव आहे आणि ज्याला सगळंच मिळालेलं आहे त्याला इच्छा कसली? गंमत अशी, की खेळ म्हटल्यावर कुणालाही आधी आठवेल ते लहान मूल या दाखल्यांत कुठेच नाही. राजा आहे, श्वास आहे, मूल नाही.

ते का नसावं, याचा अंदाज विरोधकांकडून येतो. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, जैन आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्या ईश्वराच्या कल्पनेची एकेक करून चिरफाड केली. त्यात हाही मुद्दा आहे: जग खेळ म्हणून केलं असेल, तर तो अजाण पोराचा खेळ झाला, आणि असा खेळ शेवटी त्रासालाच कारण होतो. शंकराचार्यांच्या पूर्वपक्षातही याच जातीचा धोका येऊन गेलेला आहे. वेडा माणूस हेतूशिवाय वागतो खरा, पण ईश्वर तसा वागतो म्हणावं तर त्याची सर्वज्ञता जाते. मूल वेडं नसतं, पण सर्वज्ञही नसतं.

मूल खेळतं तेव्हा नेमकं काय करतं, हे गेल्या शंभरेक वर्षांत बऱ्याच बारकाईने पाहिलं गेलं. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी आपल्या तिन्ही मुलांच्या वागण्याच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. त्यांचा मुलगा लॉरां दहा महिन्यांचा असताना उताणा पडल्या पडल्या सेल्युलॉइडचा हंस, डबी, हाताला लागेल ते उचलायचा, हात लांब करून सोडून द्यायचा आणि कुठे पडतंय ते बघायचा. दर वेळी हात वेगळा धरायचा. कधी उभा, कधी तिरका, कधी डोळ्यांसमोर, कधी मागे. हे नुसतं टाकणं नव्हतं. एक गोष्ट बदलून बघायची आणि परिणाम तपासायचा, अशी ती चाचणी होती.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोलका आहे. अकरा महिन्यांच्या बाळांना एक चमत्कार दाखवला गेला. काहींना खेळण्यातली मोटार भिंतीतून आरपार गेल्यासारखी दिसली, तर काहींना ती कडेवरून पुढे जाऊन अधांतरी तरंगल्यासारखी. मग मोटार त्यांच्या हातात दिली. भिंतीतून गेलेली मोटार पाहिलेल्यांनी ती आपटून बघितली. तरंगलेली पाहिलेल्यांनी ती खाली टाकून बघितली. ज्यांनी मोटारीचं नेहमीसारखं वागणं पाहिलं होतं, त्यांना तिच्यात फारसा रस उरला नव्हता.

म्हणजे मुलाच्या खेळाची चावी अचंब्यात आहे, आणि अचंबा न जाणणाऱ्यालाच वाटू शकतो. वाटी खाली पडणार हे ज्याला आधीपासून पक्कं ठाऊक आहे, त्याला ती टाकण्यात काय गोडी? त्या दृष्टीने आचार्यांनी राजा निवडला आणि मूल टाळलं हे तर्काला धरूनच झालं. सर्वज्ञाला बाललीला परवडणारी नाही.

भक्तांनी मात्र नेमकं तेच त्याच्या गळ्यात घातलं.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लेकीला लग्नात अन्नपूर्णेबरोबर बाळकृष्ण देतात. चार बोटांची पितळी किंवा चांदीची मूर्ती. एक गुडघा टेकलेला, एक पाय पुढे घेण्याच्या बेतात, एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा आणि मान वर. रांगणारं मूल हाक ऐकून थबकतं तेव्हा ज्या पवित्र्यात असतं, तोच हा पवित्रा, ओतकाम करणाऱ्याने अचूक टिपलेला. नवी सून सासरच्या देवघरात जो देव घेऊन येते तो अजून चालायलाही शिकलेला नसतो, ही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात सहजी न बसणारी गोष्ट आहे.

या निवडीमागचा विचार भागवताच्या दशम स्कंधातल्या आठव्या आणि नवव्या अध्यायांत सापडतो, आणि तिथे सर्वज्ञतेची अडचण मुळीच लपवलेली नाही. कृष्णाने माती खाल्ल्याची चहाडी बलराम आणि पोरं करतात. तो कानावर हात ठेवतो, वर ‘तोंडात बघ’ म्हणतो. यशोदा बघते तर आत सगळं विश्व, आणि त्यात गोकुळासकट ती स्वतःसुद्धा. क्षणभर तिला तत्त्वज्ञान सुचतं. लगेच विष्णूची माया तिच्यावर पडते, ती पाहिलेलं विसरते आणि पोराला मांडीवर घेते. कथाकाराला विश्वरूपावर थांबता आलं असतं. तो मांडीवर थांबतो.

पुढच्या अध्यायात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. यशोदा पिणाऱ्या पोराला खाली ठेवून धावते. पोर चिडतं, दगडाने दह्याचा माठ फोडतं आणि लोणी माकडाला भरवत बसतं. ती त्याला उखळीला बांधायला निघते, तर दावं दोन बोटं कमी. आणखी दोर जोडते, पुन्हा दोन बोटं कमी. घरातली सगळी दावी संपतात, गवळणी हसायला लागतात, यशोदा घामाघूम होते. तिची दमछाक पाहून मग कृष्ण स्वतःच बांधला जातो.

शंकराचार्यांच्या राजाला खेळायला दुसरं कुणी लागत नाही. तो बागेत एकटा फिरला तरी त्याची क्रीडा पुरी होते. दावं घेऊन मागे लागणारी आई नसेल तर भागवतातल्या पोराचा खेळ मात्र सुरूच होत नाही. इथे देवाने सोडलेली गोष्ट सामर्थ्य नव्हे, एकट्याने पुरं असणं आहे. खेळाचं कारण खेळणाऱ्याच्या उणिवेत शोधायचं की त्याच्या भरलेपणात, या वादात ही तिसरी शक्यता आहे: ते दोघांच्या मधे असावं.

लॉरांच्या नोंदींमध्ये मूल लहानशा शास्त्रज्ञासारखं दिसतं. घरातलं मूल वाटी पडल्यावर आधी फरशीकडे बघतं हे खरं, पण मग आजीकडेही बघतं, आणि ते दुसरं बघणं गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासात मोडत नाही. एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आयांना आपल्या तान्ह्या बाळांसमोर काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं होतं. बाळं आधी आईला बोलतं करायचा प्रयत्न करतात; तिचा चेहरा हलत नाही असं दिसल्यावर मान फिरवतात, कोमेजतात. आई समोर असते, तरीही खेळ मोडतो. पदराआड तोंड लपवून ‘कुऽक’ करणाऱ्या प्रत्येक मावशीला हे प्रयोगशाळेशिवाय माहीत असतं.

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा २००६ मधला प्रयोग तर थेट प्रयोजनाच्या प्रश्नाला भिडतो. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय. त्याच्या हातून चिमटा निसटतो आणि त्याचा हात पुरत नाही. दीड वर्षाची मुलं कुणी न सांगता तुरुतुरु जाऊन चिमटा आणून देतात. निरनिराळ्या प्रसंगांत मिळून २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी अशी मदत केली. त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तर मात्र ती सहसा उठत नाहीत. पूर्वपक्षाने ईश्वरापुढे टाकलेला भेद, हेतूने केलेलं काय आणि आपसूक घडलेलं काय, दीड वर्षाच्या पोराला चिमट्यापुरता का होईना, करता येतो.

इथवर सगळं गोड आहे. जिनसेनांचा दुसरा मुद्दा राहिलाच, त्रासाचा.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक ते दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांची मोकळ्या खेळातली चाल मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं, सुमारे ७०० मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं. आपल्याकडे पांगुळगाड्यामागे धावणारं पोर आपटलं की मोठी माणसं तत्परतेने ‘मुंगी मेली बघ’ म्हणतात, नाहीतर ‘हात्, हात्’ करून फरशीलाच दोन चापट्या देतात. रडं थांबतं, दोष कुणाचा हे तेवढ्यापुरतं ठरून जातं.

ब्रह्मसूत्रांना हा प्रश्न टाळता आलेला नाही. लीलेच्या सूत्राला लागूनच पुढचं सूत्र येतं ते ईश्वरावरच्या पक्षपात आणि निर्दयता या आरोपांबद्दल. शंकराचार्य म्हणतात, ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. तांदूळ उगवणार की जव, ते बियाण्यावर ठरतं. सुखदुःखातला फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा. उत्तर सुसंगत आहे, पण कर्माचा हिशेब दारात आला की क्रीडेतला निर्हेतुकपणा पातळ होतो. पडणारं मूल निदान स्वतःच्याच खेळात पडतं. जगाच्या खेळात खेळणारा एक आणि पडणारे दुसरेच, असं सामान्य माणसाला दिसतं. दुसरा कुणी नाहीच, असं अद्वैती सांगेल. ताप आलेल्या लेकराला रात्रभर खांद्यावर घेऊन येरझारा घालणाऱ्या बापाला ते पटेलच असं नाही.

मराठी भूमीतल्या एका पंथाने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. महानुभाव तत्त्वज्ञानात परमेश्वर, जीव, देवता आणि प्रपंच हे चारही अनादी आणि निरनिराळे आहेत. त्यामुळे पोराबाळांच्या दुखण्याखुपण्याला ईश्वराचा खेळ म्हणण्याची वेळ या पंथावर येत नाही. लीळा म्हणायचं ते देहधारी अवताराच्या माणसांमधल्या वागण्याला. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू हे अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे. त्यांच्या चरित्रात पंडिती चर्चा शोधू जाणाऱ्याची निराशा होते. तिथे मोठ्या वयाचा एक पुरुष गल्लीबोळांतून मनाला येईल तसा हिंडतो, पोरांमध्ये खेळतो, कुणाच्याही घरात शिरून खाऊ लागतो, रुसतो, खदखदा हसतो. गावाने हे सगळं सोसलं, त्यांना राऊळ म्हटलं आणि आपले मायबाप मानलं.

म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र सिद्ध केलं ते स्वामी निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना भेटून आणि विचारून. आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा त्यातली एकच खरी ठरवून बाकीच्या पुसण्याचा प्रघात या परंपरेत पडला नाही. एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ कुणाकुणाच्या नावानिशी पोथ्यांमध्ये शेजारी शेजारी उतरवले गेले.