गाण्याचे वारस

वडिलार्जित जमीन गेली, तर निदान तिचे कागद मागें राहतात. घरांतलें गाणें गेलें, तर तें एके काळीं होतें याचाहि पुरावा राहत नाहीं. म्हणूनच कीं काय, या वारशासंबंधीं आपलें कर्तव्य कोणतें, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत सहसा कोणी विचारीत नाहीं.

स्त्रिया धान्य कांडतांना ओवी गातात, अशी महाराष्ट्राविषयींची नोंद चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांतील आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत करून ठेवली आहे. वैनगंगेच्या कांठचा भंडारा जिल्हा तर धानाचाच मुलूख. रोवणी, कांडण आणि दळण या तिन्ही कामांना तेथें गाण्याची सोबत असे. पहांटे जात्याशीं सासू-सून, मायलेकी किंवा जावा-जावा समोरासमोर बसत. एकीनें चरण उचलावा, दुसरीनें तो पुरा करावा. गुरु नाहीं, श्रोता नाहीं. तरीहि कुटुंबाचा हा गायनवृंदच होता. आणि त्यांत जुनें कोठें संपलें व नवें कोठें सुरू झालें, हें सांगणें अशक्य असे. आजीच्या ओवींत नात आपल्या भावाचें नांव गुंफी. १९५४ च्या पोटनिवडणुकींत ज्या बाबासाहेब आंबेडकरांना भंडाऱ्यांत पराभव पत्करावा लागला, त्यांना महाराष्ट्राच्या ओवीनें मात्र रामसीतेच्या शेजारीं मानानें बसविलें. परंपरा म्हणजे जुन्याची नक्कल, ही समजूत या अशिक्षित मानलेल्या कवयित्रींची कधींच नव्हती.

पुढें गिरणी आली. हात थांबले आणि गाणेंहि थांबलें. येथें हळहळणाऱ्या रसिकानें क्षणभर विचार करावा. ज्या गाण्याची किंमत एका बाईच्या झोपेनें आणि पाठीनें चुकती होत होती, तें त्याच किंमतीला परत यावें असें वाटणें ही रसिकता नव्हे, निर्दयता होय. मात्र दुसरी बाजूहि खरी आहे. जें सासरीं कोणाला सांगतां येत नसे, तें ती जात्याला सांगे. तिचा भार उतरला हें चांगलेंच झालें. पण मन मोकळें करण्याची तिची हक्काची जागाहि त्याबरोबर गेली, आणि तिच्याऐवजीं दुसरी जागा आपण दिली नाहीं.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हें उपकार लहान नव्हेत. परंतु हें बियाणें कणगींत राखणें झालें, पेरणें निराळें.

पेरणीचें एक उदाहरण आयर्लंडांत सांपडतें. डोनेगल परगण्यांतील ग्वीडोर भागांत आयरिश गेलिक ही घरांतील भाषा. तेथील ब्रेनन घराण्याच्या भावंडांनीं आपल्या दोन जुळ्या मामांसह १९७० मध्यें एक वृंद उभारला. ‘क्लॅनड’ हें त्याचें नांवच तेथील ‘कुटुंब’ या शब्दापासून बनलें आहे. त्यांनीं वाडवडिलांचीं गाणीं गाइलीं. आणि १९८२ मध्यें, उत्तर आयर्लंडांतील रक्तपाताचें चित्रण करणाऱ्या एका दूरचित्रवाणी-मालिकेसाठीं त्याच भाषेंत नवें गाणेंहि रचलें. ती भाषा न समजणाऱ्यांनींहि तें आवडीनें ऐकलें. यासाठीं त्यांना जुने कष्ट परत आणावे लागले नाहींत. भाषा मात्र घरांत जिवंत असावी लागली.

भंडाऱ्याची खरी अडचण येथेंच आहे. तेथील झाडीबोलींत ‘पाणी’ हें ‘पानी’ होतें, आणि शाळेंत हंसें होईल या भयानें आईबाप मुलाचा तो उच्चार घरींच दाबतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं या बोलीच्या अभ्यासाला वाहून घेतलें. तिचीं साहित्यसंमेलनेंहि भरलीं. पण घरानें जें टाकलें, तें संमेलनानें कसें भरून निघावें? प्रमाण मराठी मुलाला आलीच पाहिजे, कारण तिच्यावर त्याची भाकर अवलंबून आहे. तथापि दुसरी भाषा शिकण्यासाठीं पहिलीची लाज वाटलीच पाहिजे, असा नियम कोणीं केला?

कोणी विचारील, न मागतां मिळालेल्या वारशाचें ओझें मुलानें कां वाहावें? त्यानें तें वाहिलेंच पाहिजे, असें माझें म्हणणें नाहीं. वारसा नाकारण्याचा अधिकार वारसाला आहे. पण जें कधीं दाखविलेंच नाहीं, तें तो नाकारणार तरी कसें? आईबापांचें कर्तव्य एवढेंच, कीं आजीची ओवी तिच्याच उच्चारांत मुलाच्या कानीं एकदां तरी पडूं द्यावी. मग त्यानें ती गावी, बदलावी, तींत आपली भर घालावी किंवा सोडून द्यावी. ती निवड त्याची. तिची संधि मात्र त्याच्यापासून लपवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाहीं.