जरा अर्जंट आहे

रांगेत उभं राहण्याला आमच्या मराठवाड्यात ‘नंबर लावणे’ म्हणतात. शब्द साधा आहे, पण त्यात मोठी सोय आहे. रांगेत माणसाला स्वतः उभं राहावं लागतं. नंबर मात्र एकदा लावला की माणूस चहाला जायला मोकळा. नंबर आपल्या वतीनं उभा राहतो. तो कधी चपलेच्या रूपात असतो, कधी पिशवीच्या, कधी दगडाखाली ठेवलेल्या रेशनकार्डाच्या, आणि उन्हाळ्यात बहुतेक वेळा घागरीच्या. मी नांदेडात पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. त्यातला बराच काळ खिडकीच्या आत बसलो, आणि उरलेलं आयुष्य बाकीच्यांसारखंच खिडकीच्या बाहेर काढलं. तेव्हा ह्या विषयावर दोन शब्द बोलायचा मला अधिकार आहे, असं मी धरून चालतो.

खिडकीच्या दोन्ही बाजूंना मी एक वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकलं. ते म्हणजे, “साहेब, जरा अर्जंट आहे.” ह्यातला ‘जरा’ फार गोड असतो. ह्या ‘जरा’नं मला आयुष्यभर छळलंय. ज्याला खरंच घाई आहे त्याला पुढे जाऊ द्यावं, की आधी आला त्याचं आधी, हा नियम पाळावा? दयाळू माणूस म्हणतो, जाऊ द्या हो. न्यायी माणूस म्हणतो, मग आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत? गंमत अशी की बऱ्याचदा हे दोघे एकच असतात. सकाळी बँकेत तो दयाळू असतो, कारण घाई त्याला असते. संध्याकाळी गिरणीत तो न्यायी होतो, कारण घाई शेजारणीला असते.

ह्या प्रश्नावर मी थोडंफार वाचलं, पुष्कळ बोललो, आणि उजेड पडला तो लातूरला, भाच्याच्या दुकानात.

भाचा आधी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होता. आता ट्यूशन एरियात त्याचं झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. लातुरात ह्या धंद्याला मरण नाही. सबंध मराठवाड्यातली पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला इथं येतात, आणि डॉक्टर व्हायच्या आधी माणसाला बेसुमार कागद छापून घ्यावे लागतात. गिऱ्हाईक मोबाइलवरून फाइल पाठवतं आणि भाचा ती छापतो. दुकानातला कॉम्प्युटर जुना आहे. त्यावर लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली आहे, आणि भाचा उंदराला हात न लावता नुसतं टाइप करून हुकूम सोडतो.

“मामा, ह्याला कमांड म्हणतेत,” तो म्हणाला. “एल-पी लिहायचं, पुढं फाइलचं नाव. झालं.”

आमच्या काळी एल.पी. म्हणजे लाँग प्ले तबकडी. दोन्ही बाजू ऐकून होईस्तोवर भात करपायचा. ह्याची एल-पी म्हणजे लाईन प्रिंटर. जुने प्रिंटर एकेक ओळ छापायचे, ते गेले आणि नाव मागे राहिलं. ह्या सगळ्या कारभाराचं नाव कप्स. मायकेल स्वीट ह्या अमेरिकन गृहस्थानं तो रचला, १९९९ साली बाहेर आला, आणि पुढे ॲपल कंपनीनं २००७ साली गृहस्थासकट विकत घेतला. नावामुळे मला आधी वाटलं, चहा सांगतोय.

आता पाहा, फाइल पाठवली की लगेच छापली जात नाही. प्रिंटर एक, फाइली अनेक. म्हणून फाइल आधी डिस्कवर जाऊन बसते आणि तिला एक आकडा मिळतो. पाठवणारा मोकळा होतो. हे मी ऐकलं आणि मला एकदम ओळख पटली. ही तर घागर!

लातूरकरांना घागरीबद्दल नव्यानं सांगायला नको. २०१६ साली पाण्याची अशी दशा होती की मार्चमध्ये पाणी भरायच्या जागी पाचांहून जास्त माणसांनी जमू नये म्हणून १४४ कलम लागलं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या दिवसांत गल्लोगल्ली घागरींचे नंबर लागलेले असायचे. माणसं घरी, घागरी उन्हात. आणि त्या घागरींच्या राज्याला एक न लिहिलेला कायदा होता. आपली घागर मागे घेता येते, पण दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा नाही. एवढ्याशा कायद्यावरून डोकी फुटली असतील, पण कायदा खोटा आहे असं कुणी म्हटलं नाही.

भाच्याच्या कॉम्प्युटरात हाच कायदा आहे. एल-पी-क्यू टाइप केलं की सगळी रांग पडद्यावर दिसते. कोण छापतंय, पहिला कोण, दुसरा कोण, कुणाची फाइल केवढी. ‘कॅन्सल’ आणि आकडा लिहिला की काम रद्द, पण फक्त स्वतःचं. दुसऱ्याचं रद्द करायला गेलं तर यंत्र नकार देतं. तो अधिकार एकट्या व्यवस्थापकाला.

“आणि कुणाला मध्ये घुसवायचं असेल तर?” मी विचारलं. पस्तीस वर्षांचा अनुभव स्वस्थ बसू देत नव्हता.

“डॅश क्यू लिहायचं आणि पुढं एक ते शंभर आकडा. काहीच नाही सांगितलं तर सगळे पन्नास. शंभर दिलं की तो वर.”

“ह्यात साहेबांचा माणूस कुठं लिहायचा?”

“तसला रकाना नाही, मामा.”

मला हे फार आवडलं. आमच्याकडे अपवाद भुवईनं व्हायचा. भुवई जराशी वर गेली की फाइल तळातून वर. त्याची नोंद कुठे नाही, आणि मागच्याला पत्ता नाही. यंत्राला भुवई कळत नाही. अन्याय करायचा असेल तर तो स्पेलिंग न चुकता टाइप करावा लागतो. निम्मे अन्याय तर ह्याच अटीवर बंद पडतील. शिवाय हा शंभराचा आकडा वाट पाहणाऱ्यांपुरता. जे काम छापायला लागलंय, ते त्यानं थांबत नाही. ताटावरून कुणाला उठवू नये, हे यंत्रालाही समजतं.

इथवर सगळं शास्त्र झालं. प्रसंग पडला तो मे महिन्यातल्या एका शनिवारी. दुसऱ्या दिवशी नीटची परीक्षा. रांगेत एका क्लासच्या सराव-पेपरच्या १२ फाइली, प्रत्येकीच्या ४० प्रती, प्रत दोन पानांची. म्हणजे ९६० पानं. मिनिटाला २० पानांच्या हिशेबानं पाऊण तासाहून जास्त. त्यांतल्या तीन छापून झाल्या होत्या. इतक्यात एक मुलगी आली. हॉलतिकिटाची तीन पानं हवी होती. केंद्र नांदेडला, एसटी पंधरा मिनिटांत, आणि वडील बाहेर पिशवी घेऊन रस्त्याकडे पाहत उभे. लातूरहून नांदेड म्हणजे चार तास धरा. मुक्कामाची सोय नांदेडच्या पाहुण्यांकडे. तिकडे रात्री कुठे प्रिंट मिळेल ह्याची शाश्वती नाही.

तीन पानांना नऊ सेकंद लागतात. मी म्हणालो, “अरे, दे की शंभर!”

भाच्यानं बोटं कळपाटावर ठेवली, पण दाबली नाहीत. क्लासचा एक शिपाई, असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, बाकावर बसून होता. भाचा त्याच्याकडे वळला आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दादा, तुझ्या मधात ह्या ताईची तीन पानं घालू का? बस चुकायली तिची.”

तो म्हणाला, “घाला की. त्यात काय.” मग भाच्यानं आकडा दाबला. चालू फाइल संपली, तीन पानं बाहेर आली, मुलगी पळाली.

मला आधी हा वेळेचा अपव्यय वाटला. नऊ सेकंदांच्या कामाला विचारण्यात दहा सेकंद गेले! मी तसं बोललोही. भाचा म्हणाला, “मामा, ते नऊ सेकंद माझे कुठं होते?”

मी गप्प बसलो. कारण विचार करता करता ध्यानात आलं की आम्ही खिडकीच्या आत बसून जी दया दाखवायचो ती सगळी दुसऱ्याच्या खिशातली होती. पुढे घेणारा मी, दुवा मला, आणि उशीर तिसऱ्याच माणसाला. इथंही उशीर क्लासच्या मालकाला झाला नसता; बोलणी खाल्ली असती ती बाकावरच्या पोरानं. ज्याच्या वेळातून दान द्यायचं त्याला विचारलं, तर त्या दानाचं पुण्य त्याचं. न विचारता दिलं, तर ती चोरी, मग कारण कितीही चांगलं असो.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. मुलगी गेली आणि दुकानात कंठ फुटले. “माझंही एकच पान आहे.” “माझी दोनच.” गणिती लोक सांगतात की लहान कामं आधी उरकली तर सगळ्यांचा मिळून सरासरी खोळंबा सर्वांत कमी होतो. हिशेब अगदी बरोबर आहे. फक्त लहान कामं येतच राहिली तर मोठं काम जन्मात छापलं जात नाही. संगणकशास्त्रात ह्याला चक्क उपासमार असा शब्द आहे. त्यावरचा उताराही त्यांनी शोधलाय. जो फार वेळ थांबलाय, त्याचा मान थांबण्याबरोबर वाढवत न्यायचा. त्याचं नाव वयोवृद्धी. लोक उगाच म्हणतात की नव्या शास्त्राला वडीलधाऱ्यांची किंमत नाही.

भाच्यानं हे पुस्तकात शिकलं असेल, पण तो बोलला एवढंच, “ह्या दादानं एकदा वाट दिली. आता त्याचं होऊ द्या.” एक पानवाले कुरकुरले, पण कुणी भांडलं नाही. सगळं त्यांच्या देखत झालं होतं.

आमच्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. तिथं पंगतीत लखपती आणि हमाल मांडीला मांडी लावून बसतात. सगळ्यांना पन्नास, शंभर कुणालाच नाही. मला वाटायचं, जगात सगळीकडे असं का नसावं? उत्तर साधं आहे. लंगरात पोळी संपत नाही. जिथं नळ एक, प्रिंटर एक, खिडकी एक, तिथं आधी कोण हा प्रश्न सुटत नाही. तो रोज नव्यानं, विचारून-सांगून सोडवावा लागतो.

विचारणं जसं महत्त्वाचं, तसं सांगणंही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. तिथला प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर, आणि कागद अडकायची त्याला सवय. स्टॉलमननं प्रोग्राममध्ये अशी सोय केली होती की कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांना निरोप जाई. कुणीतरी उठून कागद काढी. पुढे झेरॉक्स कंपनीनं, म्हणजे जिचं नाव आपण नकलेला देऊन टाकलंय तिनं, नवा प्रिंटर दिला. पण त्याचा मूळ प्रोग्राम मिळेना, म्हणून ही सोय करता येईना. लोक आपल्या जागी बसून वाट पाहत, तिकडे कागद अडकलेला. त्याच्या रागाचं हे एक मोठं कारण ठरलं. १९८३ साली त्यानं सर्वांना उघडून पाहता येईल अशी प्रणाली लिहायची घोषणा केली, आणि भाच्याच्या फुकटातल्या लिनक्सचं मोठं सामान त्याच घोषणेतून आलंय.

माणसाला थांबण्याचा राग येत नाही, असं माझं मत झालंय. का थांबलोय हे कुणी सांगत नाही, त्याचा येतो. ‘जरा अर्जंट आहे’ हे वाक्यही मला आता वाईट वाटत नाही. ते फक्त चुकीच्या माणसाला सांगितलं जातं. ते खिडकीकडे तोंड करून म्हणायचं नाही. मागे वळून, रांगेकडे तोंड करून म्हणायचं. करून पाहा. खरी घाई असेल तर शब्द फुटतो, आणि नसेल तर आपलाच आवाज बसतो.

आता माझ्या वयाला एकच मोठा नंबर लागलेला आहे. तो कितवा, हे दाखवणारी कमांड भाच्याकडे नाही. पण त्या रांगेत कुणाला खरंच अर्जंट असेल, तर त्यानं खुशाल पुढे जावं. मला विचारायचीसुद्धा गरज नाही.