खोडलेली ताडपत्री

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा माझा सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेला फोटो खोटा आहे. रंग थोडे वाढवले होते, पण त्याचं मला काही वाटत नाही. सेन्सर तरी कुठे डोळ्यासारखं बघतो? त्यातले आकडे कुणीतरी लिहिलेल्या कोडमधूनच रंग होऊन बाहेर येतात. (असला कोड लिहूनच माझ्यासारख्यांचं पोट भरतं.) पण कोपऱ्यात निळी ताडपत्री होती आणि तिच्याखाली ताक विकणाऱ्या मावशी. बोटाने गोल काढला, दोन सेकंदांत दोन्ही गायब.

अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनेही हे केलंय. लोन पाइन गावातल्या शाळेच्या मुलांनी डोंगरउतारावर ‘एल पी’ अशी पांढरी अक्षरं काढली होती. १९४४ च्या ‘विंटर सनराइज’मधून त्याने ती काढून टाकली. त्याच्या लेखी ती निसर्गावरची जखम होती. मुलांच्या लेखी ते त्यांचं गाव होतं.

मावशींनी तर कड्याचं काहीच बिघडवलं नव्हतं. फोटोच्या दहा मिनिटं आधी मी त्यांच्याकडे दोन ग्लास ताक प्यायलो होतो.

फोटोखाली एकाने विचारलंय, ‘वर प्यायला काही मिळतं का?’ अजून उत्तर दिलेलं नाही.