ऐकून घेणे : दया की मैत्री ?

वाचकहो, एका प्रश्नावर आपण विचार करावा अशी माझी विनंती आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाला एखाद्या अनोळखी स्वयंसेवकाने ठरल्या वेळी फोन करावा आणि थोडा वेळ त्याचे बोलणे ऐकावे, या कृतीला आपण काय म्हणाल ? दया म्हणाल, की मैत्री ?

प्रथम हकीकत पाहा. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या पाद्र्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोनची सोय केली. सल्ला तो स्वतः देणार होता. स्वयंसेवक होते ते आलेल्यांना बसवून चहा देण्यापुरते. पण त्यांच्याशी बोलूनच मन हलके झालेली अनेक माणसे पाद्र्याला न भेटता घरी जाऊ लागली. तेव्हा १९५४ मध्ये त्याने हे काम स्वयंसेवकांवरच सोपविले. 'समॅरिटन्स' संस्था अशी घडली. पुढे २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये खास वृद्धांसाठी 'सिल्व्हर लाइन' सुरू झाली.

अमेरिकेत टेक्सासमध्ये २०२० च्या साथीत एक प्रयोग झाला. २४० माणसे घेतली, त्यांत बहुसंख्य वृद्ध. फोन करणारे अवघे १६ जण, वय १७ ते २३. त्यांना थोडके शिक्षण दिले होते : विषय समोरच्याने निवडावा, तुम्ही ऐका. चार आठवड्यांनंतर, ज्यांना फोन आले त्यांचा एकाकीपणा, खिन्नता आणि चिंता ही फोन न आलेल्यांपेक्षा अधिक कमी झाली होती.

आता आक्षेप घेऊ. मुले असताना परक्याने फोन का करावा ? त्याने मुलांची जबाबदारी सुटणार नाही काय ? शंका रास्त आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातली पहिली पदवी आपली आहे. ज्यांनी कधी पाटी धरली नाही त्यांनी आपल्याला शिकविले. आपण नोकरीसाठी शहरात आलो, ती माणसे गावी राहिली. आपण फोन करतो, "जेवण झालं का? गोळ्या घेतल्या का ? पैसे पोचले का ?" एवढे विचारून ठेवून देतो. ही चौकशी झाली. यात ऐकणे कुठे आले ? शिवाय लेकाला घोर नको म्हणून आई जे गिळून टाकते, ते ती परक्याजवळ बोलू शकते. परका आपली जागा घेत नाही, आणि आपल्याला मोकळीकही देत नाही.

दुसरा आक्षेप : परक्याचा जिव्हाळा खरा कसा ? पण माणसाचे माणसाशी नाते केवळ जन्माने ठरते, हे आपण केव्हापासून मानू लागलो ? मात्र एक अट आहे. मंगळवारी फोन करीन म्हटले तर मंगळवारीच केला पाहिजे. वाट पाहायला लावून न येणारा फोन हा एकाकीपणात भरच घालतो.

तिसरा आक्षेप : पोटात भाकर नसताना गप्पा काय कामाच्या ? खरे आहे. म्हणूनच नुसते ऐकून थांबू नये. २०२१ पासून देशभर चालणाऱ्या १४५६७ या ज्येष्ठांच्या फोनसेवेवर मनाच्या आधाराबरोबर निवृत्तिवेतनाची व कायद्याची माहितीही मिळते. आणि कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर स्वयंसेवकाने ते स्वतःपुरते न ठेवता जाणत्यांकडे पोचविले पाहिजे. त्यासाठी २०२२ पासून 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा आहे.

मग दया की मैत्री ? दया करणारा उपदेश करतो आणि समोरच्याला मिंधा करतो. मैत्री करणारा समोरच्याला विषय निवडू देते, त्याच्याशी वाद घालते, त्याच्याकडून शिकते. फोन तोच; फरक आपण कोणत्या भावनेने तो कानाला लावतो यात आहे.

म्हणून, वाचकहो, आपल्या वस्तीत एकटे राहणारे कोण आहेत याची यादी करा. प्रत्येकामागे एक तरुण आणि एक वार नेमून द्या. आणि त्या यादीत आपल्या आईवडिलांचे नाव असेल, तर तो फोन आपण स्वतः करा. आणि या वेळी पैशांचे विचारून झाल्यावर ठेवू नका.